दोन विमाने, दोन फलक आणि एक चुकलेला निवाडा : आर्सेन वेंगर यांचे मूल्यमापन

१/
१८ मार्च २०१७. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनच्या हॉथॉर्न्स मैदानावर आर्सेनलचा सामना रंगला होता आणि वर आकाशात एक लहान विमान घिरट्या घालीत होते. त्याच्या शेपटीला बांधलेल्या फलकाचा आशय असा : नवा करार नको, वेंगर हटाव. थोड्या वेळाने दुसरे विमान आले. त्यामागचा फलक सांगत होता, आर्सेनवर आमची श्रद्धा आहे, त्यांचा मान राखा. दोन्ही विमाने एकाच क्लबच्या चाहत्यांनी उडवली होती. खाली मैदानात तो क्लब ३-१ असा हरला.

२/
आर्सेन वेंगर यांनी या क्लबची सूत्रे बावीस वर्षे सांभाळली. चाहत्यांच्या दरबारात त्यांच्याविषयी दोन निवाडे प्रचलित आहेत. पहिला : आधीचे दशक सुवर्णयुग, नंतरचे दशक अधःपतन, माणूस काळाच्या मागे पडला. दुसरा : वेंगर निर्दोष होते, नव्या स्टेडियमच्या कर्जाने त्यांचे हात बांधले गेले. पहिला निवाडा कालखंडाची रेघ चुकीच्या जागी ओढतो. दुसरा अर्धेच दप्तर वाचून निकाल देतो. आणि दोन्ही निवाड्यांत एक नाव जवळजवळ येतच नाही, ज्याच्याकडे सही करण्याचा अधिकार होता.

३/
आधी एक खुलासा. इंग्लिश फुटबॉलमधील ‘मॅनेजर’ म्हणजे केवळ प्रशिक्षक नव्हे. युरोपातील अनेक क्लबांत प्रशिक्षक संघ शिकवतो आणि खेळाडूंची खरेदी-विक्री दुसराच अधिकारी पाहतो. इंग्लंडमध्ये मात्र जुन्या प्रथेनुसार खेळाडूंची निवड, खरेदी, सराव, आहार, युवा संघ असा सारा कारभार एकाच माणसाच्या हाती असे. वेंगर यांच्या काळात ही प्रथा इतर क्लबांत हळूहळू मोडत गेली, आर्सेनलमध्ये मात्र ती अधिकच घट्ट झाली. पुढील सर्व वादाचे मूळ येथे आहे.

४/
१९९६ चे आर्सेनल समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. जॉर्ज ग्रॅहॅम यांनी १९८९ आणि १९९१ मध्ये लीग जिंकून दिली होती. त्यांच्या संघाची ख्याती अभेद्य बचावाची आणि कंटाळवाण्या खेळाची. खेळाडूंच्या व्यवहारात दलालाकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. नंतर आलेले ब्रूस रिऑक जेमतेम एक हंगाम टिकले. त्यांच्या जागी जपानमधील नागोया येथून एक उंच, चष्मा लावणारा, अर्थशास्त्राचा पदवीधर फ्रेंच माणूस येणार असे जाहीर झाले, तेव्हा लंडनच्या एका वृत्तपत्राने मथळाच दिला : आर्सेन कोण?

५/
प्रश्न उद्धट होता, पण उत्तर कठीण नव्हते. वेंगर यांनी १९८८ मध्ये मोनॅकोला फ्रान्सची लीग जिंकून दिली होती आणि १९९२ मध्ये त्याच संघाला युरोपीय कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. तो सामना ते हरले. त्याही आधी, १९८७ मध्ये, त्यांच्या हाताखालील नान्सीचा संघ खालच्या श्रेणीत घसरला होता. उत्तम घडण आणि अखेरच्या पायरीवर ठेच, ही जोडी लंडनला येण्यापूर्वीच त्यांच्या कारकिर्दीत दिसते. ‘नंतर बिघडलेल्या वेंगर’ची कथा रचणाऱ्यांनी हे पान उलटलेलेच नसते.

६/
आता सुवर्णयुगाकडे. चाहत्यांच्या आठवणीत वेंगर यांनी सारे शून्यातून उभे केले. वस्तुस्थिती वेगळी आहे. गोलरक्षक सीमन आणि अॅडम्स, डिक्सन, विंटरबर्न, बोल्ड, किओन ही बचावफळी त्यांना ग्रॅहॅम यांच्या काळातून आयती मिळाली. डेनिस बर्गकॅम्प १९९५ मध्ये, रिऑक यांच्या कारकिर्दीत आला. वेंगर यांचे कर्तृत्व असे की या वारशाची त्यांनी नासधूस केली नाही. तिशी ओलांडलेल्या बचावपटूंना निवृत्तीची वाट दाखवण्याऐवजी त्यांनी त्यांचे ताट बदलले : चॉकलेट बंद, उकडलेले मासे, कोंबडी, भाज्या सुरू, सामन्याआधी आणि नंतर अंग ताणण्याचे व्यायाम, मोजूनमापून आखलेला सराव.

७/
परिणाम? ३ मे १९९८ रोजी एव्हर्टनविरुद्ध ४-० असा विजय मिळवून आर्सेनलने लीग जिंकली, आणि अखेरचा गोल केला टोनी अॅडम्सने. दोनच वर्षांपूर्वी ज्याने आपल्या दारूच्या व्यसनाची जाहीर कबुली दिली होती, तो मध्यवर्ती बचावपटू आघाडीवीरासारखा धावत जाऊन गोल करतो, हे दृश्य वेंगर यांच्या पहिल्या पर्वाचे खरे चित्र आहे. त्याच महिन्यात एफए कपही आला.

८/
दुसरे बळ बाजाराच्या ज्ञानाचे. त्या काळी इंग्लंडमधील मॅनेजर फ्रान्समध्ये क्वचितच डोकावत. वेंगर यांना तो बाजार तळहातासारखा ठाऊक होता. मिलानमध्ये बाकावर बसलेला पॅट्रिक व्हिएरा सुमारे ३५ लाख पौंडांत आला. निकोलस अनेल्का ५ लाखांत आला आणि १९९९ मध्ये सव्वादोन कोटींच्या आसपास रेआल माद्रिदला गेला. त्या पैशातून लंडन कॉल्नीचे नवे सराव केंद्र उभे राहण्यास मोठा हातभार लागला आणि त्याच वर्षी थिएरी हेन्रीही आला. युव्हेंटसमध्ये बाजूच्या पट्टीवर कोमेजत असलेल्या हेन्रीला वेंगर यांनी मध्यभागी आणले. कोलो तुरे अवघ्या दीड लाखांत. फाब्रेगास सोळाव्या वर्षी, बार्सिलोनाच्या अकादमीतून. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : हे बळ इतरांच्या अज्ञानावर उभे होते, आणि अज्ञान कायम टिकत नाही.

९/
२००१-०२ मध्ये पुन्हा लीग आणि कप, लीगचा निकाल थेट ओल्ड ट्रॅफर्डवर. २००३-०४ मध्ये ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, पराभव शून्य. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत असे पूर्वी एकदाच घडले होते : १८८८-८९ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंडने, तेही केवळ २२ सामन्यांच्या हंगामात. वेंगर यांच्या संघाची लीगमधील अपराजित मालिका ४९ सामन्यांवर ऑक्टोबर २००४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने तोडली.

१०/
(जाता जाता : फेब्रुवारी १९९९ मध्ये शेफील्ड युनायटेडविरुद्धच्या कप सामन्यात जखमी खेळाडूसाठी बाहेर टाकलेला चेंडू परत देण्याचा शिष्टाचार मोडून आर्सेनलने विजयी गोल केला. नियमाने तो वैध होता. वेंगर यांनी स्वतः सामना पुन्हा खेळण्याचा प्रस्ताव ठेवला. तो खेळला गेला. आर्सेनल पुन्हा जिंकले. ज्यांना हे केवळ नाटक वाटते, त्यांनी त्या दशकातील दुसरा असा मॅनेजर दाखवावा.)

११/
आता या सुवर्णयुगाची दुसरी बाजू. वेंगर यांनी तीन वेळा लीग जिंकली आणि एकदाही ती पुढच्या वर्षी राखली नाही. १९९९ मध्ये ती एका गुणाने गेली. उपान्त्य सामन्यात लीड्सकडून पराभव. त्याच वर्षी कपच्या उपान्त्य लढतीत बर्गकॅम्पची पेनल्टी अडली आणि गिग्जने सामना नेला. २००३ मध्ये वसंतात हाती असलेली आघाडी निसटली. शेवटचा घाव पुन्हा लीड्सचाच. २००० मध्ये यूएफा कपचा अंतिम सामना गालातासरायविरुद्ध पेनल्टींवर गेला. हेन्री, व्हिएरा, पिरेस, बर्गकॅम्प एकत्र खेळत असतानाही चॅम्पियन्स लीगमध्ये हा संघ अंतिम फेरी गाठू शकला नाही. आघाडी राखण्याची आणि नेमक्या दिवशी सामना घट्ट धरून ठेवण्याची उणीव २००६ नंतर जन्मली नाही. ती पहिल्या दशकातही होती. विजयांच्या झगमगाटात दिसली नाही, इतकेच.

१२/
चॅम्पियन्स लीगचा तो अंतिम सामना आला, तोही हेन्रीच्या अखेरच्या बहरात आणि एका नवख्या बचावफळीच्या जोरावर. १७ मे २००६, पॅरिस. अठराव्या मिनिटाला गोलरक्षक लेमन बाहेर. दहा जणांनी कॅम्पबेलच्या गोलने आघाडी घेतली, ७६ व्या मिनिटापर्यंत राखली, आणि पाच मिनिटांत बार्सिलोनाने दोन गोल केले. त्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या सलग दहा सामन्यांत आर्सेनलने एकही गोल खाल्ला नव्हता. ‘वेंगर यांना बचाव कळत नाही’ असे छातीठोक सांगणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट पाहावा. बचाव कळत होता. त्यात त्यांचे मन रमत नव्हते, हा आरोप अधिक खरा आहे आणि अधिक गंभीरही.

१३/
त्याच उन्हाळ्यात हायबरी सुटले. १९१३ पासूनचे हे मैदान अडतीस हजार प्रेक्षकांचे. चहूबाजूंनी घरांनी वेढलेले, वाढवायला जागा नाही. मँचेस्टर युनायटेड घरच्या प्रत्येक सामन्याला तिकिटांवर कितीतरी अधिक कमावत होते. म्हणून जवळच साठ हजारांचे नवे स्टेडियम, खर्च सुमारे ३९ कोटी पौंड. २००६ मध्ये त्यासाठी २६ कोटी पौंडांचे रोखे काढण्यात आले. वेंगर यांनी नंतर सांगितले की बँकांनी कर्ज देताना तेच पदावर राहतील अशी हमी मागितली होती. एका प्रशिक्षकाच्या सहीवर सावकाराने विश्वास टाकावा, ही त्यांच्या प्रतिष्ठेची विलक्षण पावती होती. त्यांच्या गळ्यातला दोरही तोच.

१४/
या योजनेत एक गृहीतक दडले होते : क्लबची श्रीमंती प्रेक्षागृहाच्या खुर्च्यांवर ठरते. २००० साली ते बरोबर होते. २००३ मध्ये रोमन अब्रामोविच यांनी चेल्सी विकत घेतला, २००८ मध्ये अबू धाबीने मँचेस्टर सिटी, आणि दूरचित्रवाणीचा पैसा वर्षागणिक फुगत गेला. आर्सेनल मात्र बांधकामासाठी आधीच पैसे हवे म्हणून २००४ मध्ये एमिरेट्सशी सुमारे १० कोटी पौंडांचा दीर्घ करार करून बसले होते : स्टेडियमचे नाव पंधरा वर्षे, जर्सी आठ वर्षे. इतर क्लबांचे प्रायोजक दरवर्षी महाग होत असताना आर्सेनल जुन्या भावात अडकले. हा निर्णय वेंगर यांचा नव्हता. त्याची किंमत मात्र संघनिवडीत दिसली, आणि प्रेक्षकांना संघ दिसतो, करारपत्रे दिसत नाहीत.

१५/
२००५ मध्ये व्हिएरा गेला. २००६ मध्ये अॅश्ली कोल. २००७ मध्ये हेन्री. २००९ मध्ये तुरे आणि आदेबायोर, दोघेही सिटीला. २०११ मध्ये फाब्रेगास आणि नासरी. २०१२ मध्ये व्हॅन पर्सी, तोही थेट युनायटेडला, जिथे त्याने पहिल्याच वर्षी २६ गोल करून लीग जिंकून दिली. असा कणा दर दोन वर्षांनी मोडत असताना वेंगर यांनी एकाही हंगामात पहिल्या चारांतील जागा सोडली नाही. २००७-०८ मध्ये तर विशी-बाविशीतल्या पोरांच्या त्या संघाने ८३ गुण मिळवले, विजेत्यांपेक्षा केवळ चार कमी. फेब्रुवारीत बर्मिंगहॅम येथे एदुआर्दोचा पाय मोडला नसता तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा. पण तोवर तो संघ अग्रस्थानी होता, हे कक्षेतले आहे.

१६/
याच काळाला चाहते ‘नऊ वर्षांचा दुष्काळ’ म्हणतात. चौथ्या क्रमांकाला वेंगर यांनी करंडकाची उपमा दिली, तेव्हा त्यांची टर उडवली गेली. परंतु चौथा क्रमांक म्हणजे चॅम्पियन्स लीग, चॅम्पियन्स लीग म्हणजे कोट्यवधी पौंड, आणि ते पौंड म्हणजे कर्जाचा हप्ता. अर्थशास्त्राचा पदवीधर ताळेबंद वाचत होता. टर उडवणारे गुणतक्ता वाचत होते. निव्वळ मॅनेजर म्हणून पाहिल्यास २००६ ते २०१३ हा वेंगर यांच्या अधःपतनाचा काळ नाही. अपराजित हंगामाच्या तोडीचे काम त्यांनी याच वर्षांत केले, असे म्हणणे धाडसाचे वाटेल. ते तरीही म्हटले पाहिजे.

१७/
येथवर वाचून दुसऱ्या विमानाचे भाडे भरणारे खूश झाले असतील, तर त्यांनी थांबावे. कर्जाची ढाल २०१३ पर्यंतच चालते. त्या वर्षी मेसुट ओझिलसाठी सव्वाचार कोटी पौंड मोजले गेले. त्याआधी त्याच उन्हाळ्यात लुईस सुआरेझसाठी चार कोटी आणि वर एक पौंड असा प्रस्ताव लिव्हरपूलला धाडण्यात आला होता आणि तो हास्यास्पद ठरला. पैसा आला होता. त्याचे काय करायचे, याविषयी मात्र वेंगर यांची वृत्ती टंचाईच्या काळातलीच राहिली : किंमत पटत नसेल तर घेऊ नये, घरातलाच मुलगा घडवावा. टंचाईत जो गुण होता, तो सुबत्तेत दोष ठरला. माणूस बदलला नव्हता. भोवतालची परिस्थिती बदलली होती.

१८/
२०१३-१४ च्या हंगामात १२८ दिवस संघ गुणतक्त्यात सर्वांत वर होता. मग लिव्हरपूलने ५-१ आणि चेल्सीने ६-० असे झोडपले. चेल्सीविरुद्धचा तो सामना वेंगर यांचा आर्सेनलमधील हजारावा. २०१५ च्या उन्हाळ्यात मुख्य संघासाठी पीटर चेक या गोलरक्षकाखेरीज एकही नवा खेळाडू घेतला नाही. आणि नेमक्या त्या मोसमात चेल्सी कोसळले, युनायटेड व सिटी धडपडत राहिले आणि लीग लेस्टर सिटीने जिंकली. लेस्टर संपूर्ण लीगमध्ये फक्त तीन सामने हरले. त्यांतील दोन आर्सेनलविरुद्ध. तरी आर्सेनल दहा गुणांनी मागे. वेंगर यांच्या आरोपपत्रातील सर्वांत वजनदार कलम हे आहे. बार्सिलोना नाही, बायर्न नाही, ८-२ चा तो कुप्रसिद्ध पराभवही नाही. दार उघडे होते आणि एक मधल्या फळीतला व एक आघाडीचा खेळाडू घेण्याची टाळाटाळ नडली.

१९/
डावपेचांचा दोषही खरा आहे, पण तो नीट मांडला जात नाही. प्रतिस्पर्ध्याप्रमाणे खेळ बदलण्यापेक्षा स्वतःचा खेळ सुंदर करावा, ही वेंगर यांची निष्ठा. स्वतःचे खेळाडू सरस असतील तेव्हा ती चालते. चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या बाद फेरीत २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षे बाहेर पडणे हा योगायोग नव्हे. शेवटच्या वर्षी बायर्नविरुद्धच्या दोन्ही सामन्यांचा निकाल ५-१. मात्र ‘त्यांनी कधीच काही बदलले नाही’ हे विधान खोटे. एप्रिल २०१७ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी तीन मध्यवर्ती बचावपटूंची रचना स्वीकारली आणि त्याच रचनेने सिटीला व मग लीगविजेत्या चेल्सीला हरवून एफए कप नेला. हा त्यांचा सातवा. हे एक वर्ष आधी का सुचले नाही, हा प्रश्न मात्र उरतो.

२०/
त्याचे उत्तर मैदानाबाहेर आहे. १९८९ मध्ये वेंगर यांच्याशी ओळख करून घेऊन पुढे त्यांना क्लबमध्ये आणणारे उपाध्यक्ष डेव्हिड डीन हे त्यांचे खरे जोडीदार. खेळाडू वेंगर हेरीत, सौदा डीन पटवीत. एप्रिल २००७ मध्ये संचालक मंडळाशी बिनसून डीन गेले. त्यानंतर वेंगर यांना फुटबॉलच्या भाषेत ‘नाही’ म्हणू शकेल असा माणूस त्या इमारतीत उरला नाही. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतील स्टॅन क्रोएंके बहुसंख्य भागांचे धनी झाले. चौथा क्रमांक हमखास, हिशेब काटेकोर, वाद अंगावर घेणारा मॅनेजर : मालकाच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचा बंदोबस्त कोणता?

२१/
२०१४ आणि २०१५ या लागोपाठ दोन वर्षी क्रोएंके यांच्या कंपनीने क्लबकडून ‘सल्लासेवे’पोटी प्रत्येकी ३० लाख पौंड घेतले. त्याच सुमारास आर्सेनलचे सर्वांत स्वस्त हंगामी तिकीटही हजार पौंडांच्या वर होते, देशातील महागड्या तिकिटांपैकी एक. आता घटनाक्रम पाहा. डिसेंबर २०१४ : स्टोक येथील पराभवानंतर रेल्वे फलाटावर गाडीत चढणाऱ्या ६५ वर्षांच्या वेंगर यांची चाहत्यांच्या टोळक्याने हुर्यो उडवली. एप्रिल २०१६ : नॉर्विचविरुद्धच्या सामन्यात १२ व्या आणि ७८ व्या मिनिटाला बदलाची मागणी करणारे कागद उंचावण्यात आले, आणि स्टेडियमच्या उरलेल्या भागाने वेंगर यांच्या नावाचे गाणे म्हणून उत्तर दिले. मार्च २०१७ : विमाने. मे २०१७ : संचालक मंडळाकडून वेंगर यांना आणखी दोन वर्षांचा करार. म्हणजे ज्याच्याकडे निर्णय होता त्याच्यावर तीन वर्षांच्या आरडाओरडीचा ओरखडाही उठला नव्हता.

२२/
वेंगर हटाव म्हणणाऱ्यांची मागणी अवाजवी नव्हती. २०१६ मध्ये निरोप घेतला असता तर क्लबचे आणि कदाचित वेंगर यांचेही भले झाले असते, असे म्हणण्यास भरपूर पुरावा आहे. त्यांची चूक पत्त्याची होती. सामना संपताच कॅमेऱ्यासमोर संतापणाऱ्या चाहत्यांच्या वाहिन्या याच काळात फोफावल्या. पराभवाच्या रात्री त्यांचे प्रेक्षक वाढत. संताप हे मालाचे नाव झाले आणि संतापाला चेहरा लागतो. डेन्व्हरमध्ये बसलेल्या, क्वचितच बोलणाऱ्या मालकाचा चेहरा कोणाला पाठ होता? दर शनिवारी लांब कोटाच्या झिपशी झटापट करणारा म्हातारा मात्र सर्वांच्या परिचयाचा.

२३/
साधनांविषयी एक सूचना, विशेषतः मुंबई-पुण्यात रात्र जागवून सामने पाहणाऱ्या तरुण चाहत्यांसाठी. त्यांतील बहुतेकांनी अपराजित हंगाम प्रत्यक्ष पाहिलेला नाही. त्यांच्यासाठी पहिले दशक म्हणजे हेन्रीच्या गोलांच्या वेचक चित्रफिती आणि दुसरे दशक म्हणजे पूर्ण नव्वद मिनिटे, त्यांतील कंटाळा, चुका आणि जखमांसह. एका कालखंडाचे निवडक वेचे आणि दुसऱ्याचे संपूर्ण दप्तर शेजारी ठेवून तुलना केली, तर कोणताही वर्तमान भूतकाळापुढे दरिद्रीच दिसेल. २००३ मधील लीड्सविरुद्धचा तो घरचा पराभव पूर्ण पाहावा. २०११ च्या संघात आणि त्या संघात किती साम्य आहे, ते डोळ्यांना कळेल.

२४/
वेंगर गेल्यानंतर काय झाले, हा पुरावाही जपून वापरावा. २०१८ मध्ये ते सहाव्या क्रमांकावरून गेले. पुढच्या वर्षी पाचवा, मग सलग दोनदा आठवा क्रमांक, आणि २०२१-२२ मध्ये युरोपीय स्पर्धांत आर्सेनलचे नावच नाही. पाव शतकात प्रथमच. भक्त म्हणतात, पाहा, तेच संघ तगवून होते. टीकाकार म्हणतात, पाहा, त्यांनी मागे काहीच उभे ठेवले नव्हते. दोघेही एकाच आकड्याला विरुद्ध दिशांना ओढतात. आकडा एवढेच सांगतो की क्लबने वारसाची तयारी केली नव्हती, आणि वारसाची तयारी करणे हे मॅनेजरचे नव्हे, मालकाचे आणि मंडळाचे काम असते. फर्ग्युसन गेल्यावर २०१४ मध्ये युनायटेड सातव्या क्रमांकावर घसरले, तेव्हा कोणी फर्ग्युसन यांना नापास ठरवले नाही.

२५/
६ मे २०१८ रोजी घरच्या मैदानावरील अखेरच्या सामन्यात बर्न्लीवर ५-० असा विजय मिळवून वेंगर बाहेर पडले; एकूण १,२३५ सामने. ज्यांनी फलक धरले होते तेही त्या दिवशी टाळ्या वाजवीत होते. २०२३ च्या जुलैत स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा बसला, करंडक डोक्यावर उंचावलेला.

२६/
या निरोपानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, क्रोएंके यांनी अलिशेर उस्मानोव्ह यांचा सुमारे तीस टक्के वाटा विकत घेतला. त्यामुळे नव्वद टक्क्यांची कायदेशीर मर्यादा ओलांडली गेली आणि उरलेल्या छोट्या भागधारकांना आपले भाग सक्तीने विकावे लागले. त्यांत अनेक सामान्य चाहते होते. कोणाकडे आजोबांकडून आलेला एकच भाग, भिंतीवर चौकटीत लावलेला. त्या एका भागाच्या बळावर त्यांना वार्षिक सभेत उभे राहून मालकाला प्रश्न विचारता येत असे. भाव मिळाला प्रत्येकी २९,४१९ पौंड आणि ६४ पेन्स. चाहत्यांच्या न्यासाने निषेधाचे पत्रक काढले. त्यानंतर भागधारकांची ती सभा पुन्हा भरली नाही.